जागणे आणि सावध असणे

(शास्त्रपाठ : उत्पत्ती २५:२९–३४, १ राजे १९:१–८, लूक १५:११–२४. मंडळीत हा पाठ घेताना तिन्ही उतारे आधी मोठ्याने वाचावेत.)



गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्याहून मला एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ पुष्कळ वर्षे उपदेशकाचे काम करीत आहेत, व गावात त्यांना सर्व लोक मास्तर म्हणूनच ओळखतात. सप्रेम सलाम लिहून झाल्यावर त्यांनी मजकुरास एकदम हात घातला होता. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईहून घरी परत आला होता. त्याला दुकानातून तीन जिनसा आणावयास सांगितल्या तर तो एकच घेऊन येई, आणि बाकीच्या दोन कोणत्या हे त्याला आठवत नसे. उपासनेत गीत सुरू झाले तरी त्याच्या हातातील पुस्तक भलत्याच पानावर उघडलेले असे. एक अध्याय वाचून पुस्तक मिटले की त्यात काय होते हे त्याला सांगता येत नसे. हाच मुलगा लहानपणी शब्बाथ शाळेच्या परीक्षेत पहिला येत असे. शेवटी मास्तरांनी विचारले होते, “पाळकसाहेब, हा आळस समजावा, की सैतानाचे काम समजावे? आळस असेल तर मी त्याला कामास जुंपतो. सैतानाचे काम असेल तर उपास धरतो. पण काय ते मला कळू द्यावे.”

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना पत्राने कळविले. परंतु तेव्हापासून असाच प्रश्न आणखी दोघांनी विचारल्यामुळे तो सर्व मंडळ्यांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

तो मुलगा माझ्या ओळखीचा होता. घाटकोपरास असल्फ्याच्या टेकडीवर पाच जणांबरोबर एका खोलीत तो राही, व साकीनाक्याकडील एका गोदामात रात्रपाळीस जाई. खेड्यातून आलेली आपली किती तरी मुले अशीच राहतात. कोणी बोरिवलीस एसटीतून उतरतो, कोणी मुलुंडला नातेवाइकाकडे पथारी टाकतो, कोणास अंधेरीच्या मरोळ भागातील कारखान्यात काम मिळते. रात्रभर माल उचलावयाचा, आणि दिवसा पत्र्याच्या उकाड्यात, शेजारच्या गलबल्यात झोपावयाचे. अशी झोप पुरी होत नाही. सोबतच्या एकाने त्याला कागदाच्या पुडीतील चिमूटभर पांढरी पूड दिली व सांगितले, ही घे, म्हणजे झोप येणार नाही आणि काम दुप्पट होईल. त्या पुडीस मुंबईत एमडी म्हणतात. काही जण तिला म्याव म्याव असेही म्हणतात, आणि हे पोरखेळाचे नाव ऐकून कित्येक जण फसतात. तिचे खरे नाव मेफेड्रोन.

पूर्वीच्या पिढीने गर्दाचे नाव ऐकले असेल. ते अफूच्या कुळातील विष, मनुष्यास गुंगवून कोपऱ्यात पाडणारे. एमडीचा स्वभाव ह्याच्या अगदी उलट आहे. ती मनुष्यास चेतविते. छाती धडधडते, भूक मरते, जबडा आवळतो, झोप उडते आणि अंगी मोठे बळ आल्यासारखे वाटते. म्हणूनच गावाकडील आईबापांना तिची शंका येत नाही. नशा म्हणजे झोकांड्या खाणारा माणूस, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. हा तर धावतपळत असतो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे व येमेन देशात खात नावाच्या झुडपाची कोवळी पाने लोक चघळतात. त्या पानांत जे चेतविणारे द्रव्य असते, त्याच्याच जातीचे हे मनुष्याने बनविलेले द्रव्य आहे. ते प्रथम १९२९ साली तयार करण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे कोणाच्या स्मरणातही नव्हते. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने ते अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आणले. त्यापूर्वी ते त्या कायद्याच्या यादीत नसल्यामुळे विकणाऱ्यांचे चांगलेच फावले होते. हे केवळ शहराचे पाप आहे असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये अंधेरीजवळच्या साकीनाका पोलिसांनी ह्या विषाचा माग काढला, तो नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचला, आणि सुमारे ३०० कोटी रुपयांचा माल त्यांनी धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे शेकडो किलो सापडले. विष आपल्या शिवारात शिजते, आणि आपलीच मुले ते उपनगरात जाऊन विकत घेतात.

आता ते मेंदूत काय करिते ते पाहू. येथे उपदेशकांस माझी एक सूचना आहे. ह्या पुडीने काहीच लाभ होत नाही, असे व्यासपीठावरून सांगू नका. ज्याने ती घेतली आहे तो मनात म्हणेल की पाळकांस काही ठाऊक नाही, आणि पुढचे काहीही ऐकणार नाही. पहिल्या काही वेळी ती खरोखरच जागवते. एसावानेही वरण खाल्ले तेव्हा त्याची भूक खरोखरच भागली होती.

आपल्या मेंदूत मज्जापेशींच्या दरम्यान निरोप पोहोचविणारी काही द्रव्ये आहेत. त्यांतील डोपामिन नावाचे द्रव्य विशेष करून उत्साह, हालचाल आणि अमुक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे ही जाणीव, ह्यांशी निगडित आहे. एरव्ही ते थोडे थोडे पाझरते, आपले काम करिते, आणि पेशीच्या लहान दारांतून पुन्हा आत घेतले जाते. चेतविणारे विष ही दारे अडविते, व आतील साठाही एकदम बाहेर ओतते. तुमच्या विहिरीस झरे बारीक आहेत असे समजा. मोट होती तेव्हा जेवढे पाणी येई तेवढेच उपसले जाई. आता दहा अश्वशक्तीचा पंप बसवून एका रात्रीत विहीर रिकामी केली, तर शेत त्या दिवशी भिजते, पण दुसऱ्या दिवशी तळाशी चिखल दिसतो. एमडीचा अंमल दोनतीन तासांत ओसरतो, म्हणून मनुष्य त्याच रात्री पुन्हा पुन्हा पंप चालू करितो. असे महिनोन् महिने झाले की मेंदू स्वतःच्या बचावाकरिता आपली रचना बदलू लागतो. निरोप झेलणारी ठिकाणे कमी होतात. मग साध्या गोष्टींचा, म्हणजे भाकरीचा, गाण्याचा, लेकराच्या हसण्याचा निरोप नीट पोहोचतच नाही. मास्तरांचा मुलगा उपासनेत उभा होता, पण त्याच्या मेंदूला तेथे लक्ष देण्याजोगे काही आहे असे जाणवत नव्हते.

लक्ष म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. एखाद्या कामावर मन टिकविणे ही एक शक्ती, अनेकांतून एक निवडणे ही दुसरी, आणि सुरू झालेला हात वेळीच आवरणे ही तिसरी. ही तिसरी शक्ती तुमची लेकरे रोज अंगणात खेळतात. चिमणी उड म्हटले की बोट उचलावयाचे, कावळा उड म्हटले की उचलावयाचे, आणि त्याच तालात कोणी म्हैस उड म्हटले की बोट जमिनीवरच ठेवावयाचे. जो उचलतो तो हसे करून घेतो. शास्त्रज्ञ ह्याच तऱ्हेची परीक्षा घेतात. त्यांच्याकडे दिवे व बटणे असतात, एवढाच फरक. ज्यांनी चेतविणारी विषे दीर्घकाळ घेतली आहेत त्यांस अशा परीक्षांत हात आवरणे जड जाते. हात आवरण्याचे काम कपाळामागील मेंदूचा भाग करितो, आणि विषाने तोच दुबळा होतो. म्हणजे विष सोडावयास ज्या शक्तीची गरज आहे तिच्यावरच विषाचा घाला पडतो. नुसती शपथ घ्यावयास लावून काम का भागत नाही, ते ह्यावरून उमजेल.

इंग्लंडात ह्याच मेफेड्रोनविषयी एक तपासणी होऊन २०१२ साली प्रसिद्ध झाली. ते घेणाऱ्या लोकांस एक लहानशी गोष्ट वाचून दाखविली व मग ती सांगावयास लावली. न घेणाऱ्यांपेक्षा त्यांस ती कमी आठवली, आणि ज्या दिवशी त्यांनी विष घेतलेले नव्हते त्या दिवशीही कमीच आठवली. ज्या दिवशी घेतले होते त्या दिवशी त्यांची बोटे अधिक चपळ चालली, पण तेवढ्यापुरते मनात धरून ठेवावयाचे ते निसटले. बोटे चपळ, आणि मन गळके! मास्तरांच्या तीन जिनसांचा उलगडा मला येथे झाला. गोदामात त्या मुलाला आपण दुप्पट काम करीत आहोत असे वाटे. आणि मुकादमाने त्याला काढले ते खोकी भलत्याच गाडीत चढविल्यामुळे.

एसावाचा उतारा मी ह्याकरिताच वाचावयास सांगितला. आज थोडे की पुढे पुष्कळ, असे विचारले असता ह्या विषांच्या आहारी गेलेली माणसे इतरांपेक्षा अधिक वेळा आजचे थोडे पत्करतात, असे पुष्कळ तपासण्यांतून दिसून आले आहे. पुढचा काळ त्यांच्या दृष्टीला फार अंधुक दिसतो. ज्येष्ठपणाचा हक्क एसावास त्या क्षणी असाच अंधुक दिसला. मात्र एसाव शेतावरून थकून भागून आला होता, हेही शास्त्राने नमूद केले आहे. उपाशी व जागरणाने शिणलेल्या मनुष्यापुढे वाटी कोणी धरली, हा प्रश्न याकोबासही विचारावयाचा असतो. आपल्या मुलांकडून रात्रीमागून रात्री काम करवून घेणाऱ्यांनी त्यांच्या झोपेचा हिशोब ठेवला आहे काय?

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सर्वच दुबळेपणा विषाने आलेला असतो असे नाही. केंब्रिज येथील विद्वानांनी २०१२ साली असे दाखविले की, चेतविणाऱ्या विषांच्या नादी लागलेल्यांच्या सख्ख्या भावाबहिणींत, ज्यांना तसले व्यसन नव्हते त्यांच्यातही, हात आवरण्याची शक्ती इतरांहून कमी होती. म्हणजे काही लेकरांस ही ठेव मुळातच थोडी मिळालेली असते. शब्बाथ शाळेत जो मुलगा एका जागी बसत नाही, मध्येच उत्तर ओरडतो, ज्याला आपण रोज दटावतो, तो पुढे मुंबईस निघाला की त्याच्याकरिता दोन पत्रे अधिक लिहावीत. अशा काही मुलांस डॉक्टर मोजून मापून चेतविणारे औषध देतात. ते डॉक्टरच्या देखरेखीखालचे औषध आहे. पुडीशी त्याचा घोटाळा करू नये व आईबापांस भिववू नये.

कोणी विचारील, मग चहाचे काय? चहातील द्रव्य झोपेचा निरोप काही वेळ अडविते, विहीर उपसून काढीत नाही. तेव्हा चहावर बंदी घालण्याचा माझा विचार नाही, नाही तर मंडळीची सभाच भरावयाची नाही. तंबाखूविषयी मात्र इतके हलके बोलता येत नाही. तंबाखूतील निकोटिन हेही चेतविणारेच आहे. तोंडात चिमूट टाकल्यावर डोके चालू लागते असे जे म्हणतात, त्यांचे डोके बहुतांशी त्या चिमटीच्या अभावानेच बंद पडलेले असते. आपल्या भगिनी सकाळी मिश्री लावल्याशिवाय चुलीपाशी बसत नाहीत, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही किती तरी जणांच्या खिशात पुडी सापडते. मी हे दोष काढण्याकरिता लिहीत नाही. परंतु मुंबईहून आलेल्या मुलाला उपदेश करणाऱ्याच्या गालात तंबाखू असेल, तर मुलगा काय ऐकेल ह्याचा त्या उपदेशकाने विचार करावा.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे येतो. हा आळस नव्हे. ही इजा आहे. पाय मोडलेल्यास चाल म्हणून रागे भरल्याने तो चालत नाही. आणि सैतानाविषयी म्हणाल तर, मोहात पाडण्याचे काम त्याचे खरेच. परंतु पुष्कळ दिवस ही विषे घेणाऱ्यास कधी कधी नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असा संशय येतो, आणि तो हिंसकही होतो. खेड्यात ह्याला लागलीच भूतबाधा ठरवितात. बांधू नका, मारू नका, उपाशी ठेवू नका. त्याच दिवशी सरकारी इस्पितळात न्या. प्रार्थना वाटेतही करिता येते.

एलीयाचा उतारा पाहा. तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाच्या दूताने त्याला काय दिले? उपदेश दिला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा भाकर दिली. होरेब डोंगर त्यानंतरचा. विष सोडल्यावर पहिले काही दिवस मनुष्य असाच झोपतो, अधाशासारखा खातो, व त्याचे मन अतिशय खिन्न होते. ही वेळ मोठ्या जोखमीची आहे. मरणाचे विचार त्याच्या मनात येतात, म्हणून त्याला एकटे सोडू नये, आणि तसे काही तो बोलला तर तत्काळ डॉक्टर गाठावा. दिवसभरात शिकलेले मनात पक्के होते ते पुष्कळसे झोपेतच. तेव्हा त्याची झोप ही त्याच्या उपचाराचा भाग समजावी.

ह्यानंतरचा काळ लांब आहे, आणि मंडळ्या चुकतात त्या येथेच. ह्याच जातीच्या मेथॲम्फेटामिन नावाच्या विषाविषयी अमेरिकेत डॉ. नोरा व्होल्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक शोध प्रसिद्ध केला. विष सोडलेल्या पाच जणांच्या मेंदूची छायाचित्रे त्यांनी प्रथम सहा महिन्यांच्या आत घेतली, आणि पुन्हा सुमारे एक वर्ष व त्याहून अधिक काळ लोटल्यावर घेतली. डोपामिन परत घेणारी जी दारे कमी झाली होती ती दुसऱ्या वेळी पुष्कळ वाढलेली दिसली. परंतु स्मरणाच्या व हातांच्या चपळाईच्या परीक्षांत तितकी सुधारणा झालेली नव्हती. झरे परत आले होते, पण पीक उभे राहावयास आणखी हंगाम हवे होते. म्हणून तीन महिन्यांत काही फरक नाही असे म्हणून कोणी हात टेकू नयेत. आणि तीन महिन्यांत सर्व ठीक झाले असे जो म्हणतो त्याच्यावरही विसंबू नये, मग तो स्वतः मुलगाच का असेना.

आमच्या मंडळ्यांत एक रीत पडली आहे, तिच्याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. पुडी सोडून महिना झाला नाही तोच त्या तरुणास व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यावयास लावितात. लोक टाळ्या वाजवितात, आणि त्याच्या मनावर असे ओझे पडते की पुढे पाय घसरला तर सांगावयास त्याला तोंडच राहत नाही. धाकटा पुत्र घरी आला तेव्हा बापाने त्याला झगा दिला, जोडे दिले, जेवू घातले. त्याला गावापुढे भाषण करावयास लावले नाही. दानाची पिशवीही इतक्यात त्याच्या हाती देऊ नये. त्यात अविश्वास नाही. रोख पैसा हातात आला की मेंदूत पुडीची आठवण जागी होते, एवढेच त्याचे कारण. मजुरी आईने किंवा बहिणीने सांभाळावी, आणि हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने करावे.

अफूवाल्यांकरिता डॉक्टरांपाशी काही खास औषधे आहेत. ह्या विषावर मात्र तसे एखादे हमखास औषध नाही. बोलून समजावणे, दिवसाची घडी बसविणे, आणि विष न घेतल्याचे तपासणीत दिसले की लागलीच एखादे लहानसे बक्षीस देणे, ह्या उपायांनी गुण येतो. दूरचे फळ ज्याला दिसत नाही त्याला जवळचे फळ दाखवावे, असा त्यातील विचार आहे. सरकारचा १४४४६ हा दूरध्वनी ह्याच कामाकरिता आहे व त्याला पैसे पडत नाहीत. वांद्र्यास फादर जो परेरा ह्यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन स्थापिले, आणि पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. दोन्ही ठिकाणी रोमन, प्रॉटेस्टंट, हिंदू, मुसलमान असा भेद केला जात नाही. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण लपवितात, त्यांनी इतके जाणावे की त्याच १९८५ च्या कायद्याच्या ६४ अ कलमाने, स्वतःकरिता थोडे विष बाळगणारा वा घेणारा व्यसनी आपण होऊन मान्य संस्थेत उपचारास गेला व तो उपचार त्याने पुरा केला, तर त्याला त्या खटल्यातून मोकळीक मिळू शकते. विकणाऱ्यास ती सवलत नाही.

मास्तरांनी उपास धरला नाही. त्यांनी मुलास कामासही जुंपले नाही. निदान पहिल्या दोन महिन्यांत नाही. मी लिहिल्यावरून त्यांनी एका वेळी एकच काम सांगावयास आरंभ केला, आणि जिनसा कागदावर लिहून देऊ लागले. अध्यायाऐवजी चार ओव्या, त्याही बोट ठेवून वाचावयाच्या, असे ठरले. मध्यंतरी एकदा तो न सांगता मुंबईस गेला व आठ दिवसांनी परत आला. बापाने दार उघडले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू केली.

सध्या तो शब्बाथ शाळेची हजेरी मांडतो. गेल्या महिन्याच्या पत्रात मास्तर लिहितात की, पट तेवीस लेकरांचा आहे, आणि पूर्वी तो नऊदहा नावे चुकवीत असे, ती आता दोनतीन चुकतात. रात्री तो निजल्यावर ते पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवतात.